डेस्ट्रीची गोष्ट : एका वेस्टर्न चित्रपटातील शब्द, दस्तऐवज आणि पिस्तूल

अमेरिकन इंग्रजीतील 'बॉस' हा शब्द मूळचा डच. 'बास', म्हणजे धनी, या शब्दावरून तो न्यूयॉर्ककडील वसाहतवाल्यांच्या बोलीत आला आणि तेथून सर्वत्र पसरला. 'मास्टर' या शब्दाला दास्याचा वास येत असल्याने, ज्याच्या हाताखाली काम करावयाचे त्याला काय म्हणावे ही नव्या प्रजासत्ताकातील मजुराची अडचण या परक्या शब्दाने दूर केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला आणखी एक अर्थ चिकटला. ज्याच्याजवळ कोणतेही महत्त्वाचे पद नाही, परंतु सारी पदे ज्याच्या खिशात आहेत, असा मनुष्य म्हणजे बॉस. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलचा विल्यम ट्वीड हा या अर्थाचा सर्वांत प्रसिद्ध धारक होय. १८७३ साली त्याला शिक्षा झाली आणि १८७८ साली तो तुरुंगातच मेला. सत्ता आणि पद यांची अशी फारकत होणे ही वस्तुतः मोठ्या नगराच्या राजकारणातील घटना आहे. 'वेस्टर्न' या चित्रपटप्रकाराने ती उचलून सरहद्दीवरच्या एका रस्त्याच्या गावात नेऊन ठेवली, आणि तेथे ती इतकी रुजली की गावावर पकड बसविलेला धनवान गुंड व त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला एकटा मनुष्य ही जोडी त्या प्रकाराचे बीजकथानक होऊन बसली.

या बीजकथानकाचा विचार करताना जॉर्ज मार्शल यांनी दिग्दर्शित केलेला 'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९) हा चित्रपट वेगळा काढावा लागतो. रॉबर्ट वॉर्शो यांनी १९५४ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात गुंड व वेस्टर्नचा नायक या अमेरिकन चित्रपटाच्या दोन यशस्वी निर्मितींचे साम्य त्यांच्या हातातील शस्त्रात पाहिले होते. डेस्ट्री या सिद्धान्तात बसत नाही. तो शस्त्र बाळगत नाही, गोष्टी सांगतो. समीक्षकांनी या गोष्टी सांगण्याकडे बहुधा एक गमतीदार लकब म्हणून पाहिले आहे. परंतु ती लकब नसून चित्रपटाचे प्रतिपाद्यच तेथे आहे, आणि ते प्रतिपाद्य चित्रपटाला अखेरपर्यंत पेलले की नाही हा त्यासंबंधीचा खरा प्रश्न आहे.

कथानक थोडक्यात असे. बॉटलनेक या गावात केंट (ब्रायन डॉनलेव्ही) याचा 'लास्ट चान्स' नावाचा गुत्ता आहे. (मूळ शब्द 'सलून', परंतु मराठीत तो केस कापण्याच्या दुकानाकडे गेला असल्याने येथे निरुपयोगी ठरतो.) या गुत्त्यातील गायिका फ्रेंची (मार्लेनी डीट्रिश) हिच्या साहाय्याने केंट क्लॅगेट नावाच्या शेतकऱ्याला पत्त्यांच्या डावात फसवतो. ती क्लॅगेटच्या अंगावर कढत कॉफी सांडते, त्या गडबडीत पाने बदलली जातात, आणि क्लॅगेट आपली जमीन हरतो. या जमिनीमुळे खोऱ्यातून गुरे नेण्याची वाट केंटच्या ताब्यात येते. पुढे तो दर जनावरामागे पैसे उकळणार असतो. जाब विचारावयास वर गेलेला शेरिफ किओ पुन्हा खाली येत नाही. तेव्हा नगराध्यक्ष व न्यायाधीश अशी दोन्ही पदे भूषविणारा स्लेड हा गावातील दारुडा वॉशिंग्टन डिम्सडेल याला थट्टेने शेरिफ नेमतो. डिम्सडेल एके काळी थोर टॉम डेस्ट्रीचा हाताखालचा अधिकारी होता. तो दारू सोडतो आणि डेस्ट्रीच्या मुलाला (जेम्स स्ट्युअर्ट) बोलावून घेतो. गाव वाट पाहते ती पिस्तूलबाजाची, आणि गाडीतून उतरतो एका हातात बाईची छत्री व दुसऱ्या हातात पक्ष्याचा पिंजरा घेतलेला एक लांबट तरुण. दोन्ही वस्तू सहप्रवासिनीच्या आहेत, पण गावाला त्याच्याशी काय कर्तव्य!

या प्रवेशातील विनोद सोपा वाटला तरी त्याचे अधिष्ठान भाषिक आहे. 'डेस्ट्री' हे गावाच्या दृष्टीने नाव नव्हे, तो एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे. बापाने तो अर्थ दिला, गावाने तो जतन केला, डिम्सडेलने त्याच अर्थाच्या भरवशावर पत्र धाडले. आता त्याच नावाखाली दुसराच पदार्थ येऊन उभा राहिल्यावर गाव हसते. फ्रेंची त्याच्या हाती फरशी पुसण्याचा कुंचा व बादली देते, तेव्हा तीही शब्दाचाच खेळ करीत असते. गाव 'साफ' करण्याच्या लाक्षणिक प्रतिज्ञेला ती वाच्यार्थावर आणून आपटते. डेस्ट्रीचे वैशिष्ट्य असे की तो ही उपहासाची लक्षणा नाकारीत नाही. थोड्याच वेळात फ्रेंची व लिली बेल या दोघी जमिनीवर लोळत मारामारी करू लागतात, तेव्हा पाण्याची बादली त्यांच्यावर ओतून तो गावाच्या सफाईला अक्षरशः प्रारंभ करतो.

चित्रपटात नावांचा हा विचार सर्वत्र पसरलेला आहे. नायकाचे पूर्ण नाव टॉमस जेफर्सन डेस्ट्री, त्याच्या वरिष्ठाचे वॉशिंग्टन. दोन राष्ट्राध्यक्ष मिळून एका दारूच्या गुत्त्याशी झगडत आहेत, यातील वक्रोक्ती अमेरिकन प्रेक्षकाला चुकण्यासारखी नव्हती. बोरिस या रशियन पात्राची (मिशा ऑअर) गोष्ट तर अधिकच मासलेवाईक आहे. लिली बेलच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव कॅलॅहन होते, म्हणून सारे गाव बोरिसलाही कॅलॅहन म्हणते. पहिल्याचे चित्र अजून भिंतीवर टांगलेले आहे. हा बोरिस पत्त्यांच्या डावात आपली विजार हरतो. मुख्य कथानकात जमीन जाते, उपकथानकात विजार जाते, आणि दोन्हीकडे हरविणारी टोळी एकच! शोकाची व हास्याची वस्तू एकाच साच्यातून काढण्याचे हे कौशल्य ज्यांनी पटकथा लिहिली त्यांचे आहे. मॅक्स ब्रँड यांच्या १९३० सालच्या मूळ कादंबरीत यांपैकी काही नाही. तेथील डेस्ट्री आपल्याला तुरुंगात धाडणाऱ्या बारा ज्यूरींचा सूड घेत हिंडतो. चित्रपटाने कादंबरीपासून नावाखेरीज फारसे काही घेतलेले नाही, आणि हे बरेच झाले.

केंटची सत्ता नेमकी कशावर उभी आहे? पिस्तुलावर, हे उत्तर अपुरे आहे. पिस्तूल केंटजवळ आहे तसे गावातील सर्वांजवळच आहे. केंटचे सामर्थ्य दोन गोष्टींत आहे. एक, जमिनीचा मालकीहक्काचा कागद. दोन, स्लेडचे तोंड. किओ मारला गेला आहे. पण शेरिफ गाव सोडून गेला असे स्लेड अधिकारपदावरून सांगतो, आणि ते सांगणे हीच त्या घटनेची नोंद होते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्व्हर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत तर वस्तुस्थिती घडवितात, हे दाखवून दिले. नेमणूक, शपथ, निवाडा ही अशी वाक्ये होत. बॉटलनेकमध्ये ही सारी वाक्ये उच्चारण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि तो माणूस विकलेला आहे. भ्रष्टाचाराचे इतके सरळ चित्र या चित्रपटप्रकारात क्वचितच आढळते. येथे खोटे बोलले जाते असे म्हणणे पुरेसे होणार नाही, कारण खऱ्याची नोंद ज्या वाक्याने व्हावयाची ते वाक्यच केंटच्या मालकीचे झाले आहे.

परंतु याच ठिकाणी स्लेडची एक चूक होते. ऑस्टिन यांनी थट्टेत वा रंगभूमीवर उच्चारलेली कृतिवाक्ये पोकळ म्हणून विचारातून वगळली होती. स्लेड डिम्सडेलला थट्टेतच शेरिफ करतो आणि सारा गुत्ता हसतो. पण थट्टा करणाऱ्याजवळ अधिकार खरा आहे, बिल्ला खरा आहे, आणि ज्याची थट्टा केली तो ती थट्टा मानावयास तयार नाही. तिघे मिळून पोकळ वाक्य भरीव करतात. त्या एका वाक्यातून पुढे डेस्ट्रीची नेमणूक होते, गिप वॉट्सनला अटक होते, आणि केंटचा नाशही तेथूनच सुरू होतो. चार्ल्स विनिंजर यांनी केलेली डिम्सडेलची भूमिका हास्यरसाची म्हणून वाखाणली जाते, आणि ती आहेच. पण उपहासाने मिळालेले पद गांभीर्याने धारण करणारा हा म्हातारा नैतिक दृष्ट्या डेस्ट्रीहून तिळभरही उणा नाही.

आता गोष्टींकडे वळावयास हरकत नाही. डेस्ट्रीची गोष्ट नेहमी एका मित्रापासून सुरू होते. कोणी एक मित्र संगीतिकेत गात असे. त्याने गाणे सोडून सिमेंटचा धंदा धरला, एक दिवस तो सिमेंटात पडला, आणि आता तो सेंट लुइसच्या टपाल कचेरीची कोनशिला आहे. तात्पर्य, ज्याने त्याने आपला धंदा पाहावा. दुसरा एक मित्र टपालाची तिकिटे जमवीत असे. तिकिटाचा गुण काय, तर मुक्काम येईपर्यंत ते चिकटलेले राहते. स्ट्युअर्ट या गोष्टी मुद्दाम संथ, थोड्या अडखळत्या, जणू आता आठवते आहे अशा स्वरात सांगतो. वाक्य मध्येच सोडून देतो, पुन्हा धरतो, त्याच वेळी हात लाकडाची कडी कोरण्यात गुंतलेले असतात. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. वास्तविक ती वेळ मिळविण्याची युक्ती आहे.

या कथनप्रकाराचे स्वरूप मराठी वाचकाला परके वाटू नये. केशिराजाच्या 'दृष्टान्तपाठा'त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध रचना आहे. डेस्ट्री सूत्र सांगत नाही आणि दार्ष्टान्तिक बहुतेक वेळा ऐकणाऱ्यावर सोपवितो, मध्यला दृष्टान्त तेवढा त्याचा. मम्मटाने उपदेशाचे जे तीन प्रकार मानले त्यांपैकी प्रभुसंमित उपदेश आज्ञा करतो व सुहृत्संमित उपदेश मित्राप्रमाणे गोष्ट सांगून समजावतो. केंटची भाषा सर्वस्वी प्रभुसंमित आहे. त्याच्या वाक्याच्या पाठीमागे शिक्षा उभी असते. डेस्ट्री तर गोष्टीचा आरंभच मित्रापासून करतो! (तिसरा, कान्तासंमित प्रकार फ्रेंचीला लावून दाखविण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. तिची गाणी उपदेश करीत नाहीत, फार तर गिऱ्हाइकांना आणखी एक पेला मागवावयास लावतात.)

येथील सूक्ष्म मर्म असे आहे. धमकीला उत्तर देता येते, कारण धमकी ऐकणाऱ्याला उद्देशून असते. ज्याला धमकी दिली तो माघार तरी घेतो किंवा पिस्तूल तरी काढतो, तिसरा मार्ग त्याला उरत नाही आणि चारचौघांत माघार घेणे शक्य नसते. गोष्ट ऐकणाऱ्याला उद्देशून नसते, ती कोणा तिसऱ्याची असते. तिचा अर्थ आपल्याला लागू होतो हे ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवावयाचे असते, आणि तसे ठरविले तरी ते त्याने कोणाला सांगावयाचे कारण नसते. माघार घेणाऱ्याची अब्रू वाचते. सरहद्दीवरच्या समाजात निम्मे खून अब्रूपायी होतात, या गृहीतावर ज्या चित्रपटप्रकाराची इमारत उभी आहे त्यात हा शोध लहान म्हणता येणार नाही. डेस्ट्रीच्या मनात तो बापाच्या मरणापासून रुजलेला आहे. थोरल्या डेस्ट्रीच्या कमरेला पिस्तूल होते आणि त्याला पाठीत गोळी घालण्यात आली. पिस्तुलाने त्याला वाचविले नाही.

गोष्टींपेक्षाही डेस्ट्रीच्या भाषाव्यवहाराचा उत्तम नमुना म्हणजे किओच्या प्रेताचा डाव. किओ नाहीसा झाला एवढेच गावाला अधिकृतपणे ठाऊक आहे. किओ सापडला आहे असे डेस्ट्री केंटला सहज बोलता बोलता भासवितो. निरपराध मनुष्याने यावर विचारावे : कोठे आहे तो, कसा आहे? केंटला हा प्रश्न पडत नाही. प्रेत जागेवर आहे की नाही हे पाहावयास तो गिपला पाठवितो, आणि डिम्सडेल व बोरिस त्याचा माग काढतात. विधानात जे उच्चारले नाही, पण जे गृहीत धरल्याशिवाय विधानाचा अर्थच लागत नाही, त्या पूर्वगृहीताला केंट आपल्या कृतीने मान्यता देतो. गाव सोडून गेला या स्लेडच्या वाक्याने जे झाकले होते ते दुसऱ्या एका वाक्याने उघडे पडते. गोळी एकही सुटत नाही.

आणि तरीही डेस्ट्रीला केवळ चतुर संभाषक ठरवून मोकळे होता येत नाही, कारण चित्रपटात क्लॅगेटच्या जमिनीचा प्रसंग आहे. क्लॅगेट कुटुंब बंदुका घेऊन आपल्या घरात दबा धरून बसते. न्याय त्यांच्या बाजूला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, डेस्ट्रीलाही त्याचा संशय आहे. पण कागद केंटच्या हाती आहे आणि तो खोटा असल्याचा पुरावा अद्याप नाही. डेस्ट्री क्लॅगेटना घर सोडावयास लावतो. नायकाने भर चित्रपटात बॉसच्या वतीने गरिबाला घराबाहेर काढावे, हे धाडस १९३९ च्या करमणुकीच्या चित्रपटात दुर्मिळ होय. कायदा म्हणजे आपल्या बाजूचा निकाल नव्हे, ही गोष्ट येथे कोणत्याही भाषणाशिवाय सांगितली गेली आहे. डेस्ट्री जिंकला तर केवळ दुसरा बॉस होऊन जिंकेल, या आक्षेपाला चित्रपटापाशी एवढेच एक उत्तर आहे, आणि ते पुरेसे आहे. हाच प्रसंग सोडला तर डेस्ट्रीचे निःशस्त्र असणे हे नुसते वेगळेपण ठरले असते. त्याला नेमबाजी येत नाही अशातलाही भाग नाही. दंगा करणाऱ्यांकडून उसनी घेतलेली पिस्तुले चालवून तो आपली नेमबाजी एकदा दाखवून देतो. गांधीजींनी सबळाची अहिंसा व दुर्बळाची अहिंसा यांत जो भेद केला त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु डेस्ट्री सत्याग्रही नव्हे. त्याला तुरुंग मान्य आहे, फाशीही मान्य असावी. ती कोणी व कोणत्या कागदाच्या आधारे द्यावयाची, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

म्हणूनच उत्तरार्धात अपेक्षा वाढते ती न्यायालयाची. स्लेड हाच न्यायाधीश असल्याने गिपचा खटला ही थट्टा ठरणार, हे ओळखून डेस्ट्री बाहेरून संघराज्याचा न्यायाधीश बोलावतो आणि ही बातमी गुप्त ठेवण्याचा प्रयत्न करतो. पुन्हा प्रश्न तोच आहे : अधिकृत वाक्य कोणी उच्चारावे? गुपित फुटते. फ्रेंची डेस्ट्रीला आपल्या घरी गुंतवून ठेवते, तुरुंगावर हल्ला होतो आणि डिम्सडेल पाठीत गोळी लागून पडतो. बापाच्या मरणाची ही तंतोतंत पुनरावृत्ती आहे. म्हाताऱ्याने प्राण सोडल्यावर डेस्ट्री कचेरीत जातो आणि भिंतीवरची बापाची पिस्तुले कमरेला बांधतो.

या क्षणी प्रेक्षागृहात टाळ्या पडतात, आणि समीक्षेने सावध व्हावयाचे तेही येथेच. डेस्ट्रीने शस्त्र धरले म्हणून त्याचे तत्त्वज्ञान कोसळले, असा एक आक्षेप घेण्यात येतो. तो बरोबर नाही. शब्दाने जेथवर जाता येते तेथवर तो गेला, आणि ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांनीच बोलण्याची जागा मोडून टाकली. चित्रपट डिसेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध पेटून चार महिने होत असताना, झळकला. तटस्थ अमेरिकेने अखेर शस्त्र धरावे अशी सूचना त्यात वाचणारेही आहेत. पण कथानक आपल्या आंतरिक गरजेने तेथे पोहोचत असल्याने या बाह्य आधाराची आवश्यकता नाही.

खरा दोष निराळा आहे, आणि तो दिग्दर्शक-लेखकांचा आहे, डेस्ट्रीचा नव्हे. ज्या खटल्यासाठी सारी तयारी झाली तो कधी उभाच राहत नाही. बाहेरच्या न्यायाधीशाला एकही वाक्य उच्चारावे लागत नाही, आणि कागद खोटा होता हे कोणत्याही अधिकृत वाणीतून सिद्ध होत नाही. स्लेडच्या हातून काढून घेतलेले वाक्य कोणाच्याच हाती दिले जात नाही. ते गोंधळात हरवते. डिम्सडेलच्या मृत्यूमुळे संघर्षाला खाजगी सुडाचे रूप येते, म्हणजे चित्रपटाने जी कादंबरी टाकून दिली होती तीच मागल्या दाराने आत शिरते. जेम्स स्ट्युअर्टचाच त्याच वर्षीचा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' येथे आठवतो. जेफर्सन स्मिथ घसा बसेपर्यंत सिनेटमध्ये बोलत राहतो आणि प्रांताच्या बॉसला तोंड देतो. तेथील शेवटही घाईचा आहे, परंतु तो बोलण्याच्या जागेतच होतो. बॉटलनेकला ती जागा मिळत नाही.

या दोषाची भरपाई करणारी एक गोष्ट मात्र शेवटच्या भागात आहे, आणि तिचे श्रेय फ्रेंचीला जाते. पुरुष गुत्त्याच्या आतून व बाहेरून एकमेकांवर गोळ्या झाडीत असताना ती गावातील बायकांना गोळा करते. लाटणी, काठ्या, शेतातली अवजारे, हाती लागेल ते घेऊन या बायका दोन्ही फळ्यांच्या मधून चालत येतात. गोळीबार थांबतो, कारण त्यांच्यावर गोळी चालविणे शक्य नसते. ज्यांना आतापर्यंत गावाच्या कारभारात तोंड नव्हते त्यांनी केवळ चालत येऊन गुत्ता ताब्यात घ्यावा, हा चित्रपटातील एकमेव सामुदायिक निर्णय होय. 'हाय नून' (१९५२) मधील गाव आपल्या मार्शलला एकटे सोडते, आणि त्याची एकाकी थोरवी त्या सोडण्यावरच उभी आहे. बॉटलनेक डेस्ट्रीला सोडीत नाही. 'हाय नून' अधिक गंभीर चित्रपट आहे यात शंका नाही, परंतु भ्रष्ट बॉस एका मनुष्याच्या धैर्याने जातो की गावाच्या बाहेर पडण्याने, या प्रश्नावर १९३९ च्या या हलक्याफुलक्या चित्रपटाचे उत्तर अधिक खरे आहे.

फ्रेंचीला स्वतःला या उत्तराची किंमत द्यावी लागते. केंटने झाडलेली गोळी ती आपल्या अंगावर घेते, आणि मरताना डेस्ट्रीने चुंबन घेण्यापूर्वी ओठांचा रंग पुसून टाकते. क्लॅगेटच्या अंगावर कॉफी सांडणाऱ्या स्त्रीला जिवंत ठेवून तिच्याशी काय करावे, हे त्या काळच्या हॉलिवूडला ठाऊक नव्हते. १९३८ साली चित्रगृहमालकांच्या एका जाहिरातीत तिकीटविक्रीला घातक म्हणून ज्यांची नावे झळकली त्यांत डीट्रिश होत्या. त्यांचे पुनरागमन या भूमिकेने झाले आणि तेही आपल्या पूर्वीच्या गूढरम्य प्रतिमेची यथेच्छ टवाळी करून. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या नटीचे जर्मन उच्चार गावात सर्वांच्या कानी पडतात, आणि तरी तिचे नाव 'फ्रेंची'! सरहद्दीवरच्या कानाला सारा युरोप सारखाच.

अखेरीस गाव शांत झालेले दिसते. एक लहान मुलगा डेस्ट्रीच्या लकबींची नक्कल करीत त्याच्यामागून हिंडतो. रस्त्यावरून गाडीत बसून बायका गात जातात, आणि ते गाणे फ्रेंचीचे असते. डेस्ट्रीचा चेहरा क्षणभर बदलतो. मग तो शेजारी चाललेल्या जॅनिसकडे वळून लग्नासंबंधी आपल्या कोणा एका मित्राची गोष्ट सुरू करतो. ती गोष्ट पुरी होण्यापूर्वीच चित्रपट संपतो.